फलक सगळ्यात शेवटी बनवा: जुन्या वाड्यांवर, घरांवर स्मृतिफलक लावायचा तर काय, कधी, कोणत्या क्रमाने

दर दोन-तीन महिन्यांनी मला कोणाचा तरी फोटो येतो. टेबलावर ठेवलेली चकचकीत स्टीलची पाटी आणि खाली मेसेज, "दादा फलक रेडी आहे, आता परवानगी कुठून घ्यायची?" मग मी विचारतो की मालकांनी काय लिहून दिलंय, तर उत्तर येतं की तळमजल्यावरचे काका हो म्हणालेत, आणि काका भाडेकरू निघतात. मग मालक शोधायचे, ते चार भाऊ, त्यातला एक बंगलोरला, एकाचं बाकीच्यांशी बोलणं बंद, आणि तोपर्यंत कोणीतरी लक्षात आणून देतं की पाटीवरचं सालच चुकलंय. असे दोन फलक माझ्याच घरी पलंगाखाली आहेत, त्यामुळे दुसऱ्यांना हसायचा मला फार अधिकार नाही.

मी पुण्यातल्या पेठांमधल्या कामावरून लिहितोय. नाशिक, सातारा, वाई, कोल्हापूर कुठेही असाल तरी क्रम हाच, ऑफिसांची नावं तेवढी बदलतील. फलक तयार करून घेणं हे आठवड्याचं काम आहे आणि त्याच्या आधीचं काम सहा महिन्यांचं, हे आधीच धरून चाला.

टप्पा १: फलक नेमका कशाचा, ते एका वाक्यात लिहा

वही काढा आणि एक वाक्य लिहा: "या जागी अमुक माणूस अमुक ते अमुक साल राहत होता" किंवा "या जागी अमुक घटना घडली". वाक्य पूर्ण होत नसेल, "खूप ऐतिहासिक वाडा आहे हो" यापुढे गाडी जात नसेल, तर फलकाची वेळ अजून आली नाही.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो जन्म, वास्तव्य, काम आणि मृत्यू यांच्यात. टिळकांचंच घ्या. जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. पुण्यात केसरी वाडा, म्हणजे पूर्वीचा गायकवाड वाडा. मृत्यू मुंबईत सरदारगृहात, १ ऑगस्ट १९२०. आणि लंडनला १० हाउली प्लेस इथे १९१८-१९ मध्ये राहत होते, तिथे निळा फलक आहे. चार जागा आणि चारही खऱ्या, पण प्रत्येक ठिकाणचं वाक्य वेगळं होतं. सगळ्या जागांना सरसकट "यांचे निवासस्थान" म्हटलं की काम बिघडलं.

"जन्मस्थान" या शब्दाला तर मी आता घाबरतोच. घरचे लोक छातीठोकपणे सांगतात की आमच्याच वाड्यात जन्मले, पण पूर्वी बाळंतपण बहुतेक माहेरी व्हायचं, पहिलं तर नक्कीच, त्यामुळे मूल जन्मायचं आजोळी आणि वाडा असायचा वडिलांचा. आईचं माहेर कुठलं हे विचारल्याशिवाय जन्माचा फलक करू नका.

तपासा: या जागेवर आधीच फलक आहे का? पुण्यात महापालिकेचे निळे फलक बऱ्याच घरांवर आहेत, काही ठिकाणी एखाद्या मंडळाची संगमरवरी पाटी ऑइलपेंटखाली दडलेली असते. दाराच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून बघा. खरंच सांगतोय, आम्हाला एक पाटी अशीच सापडली, तीन थर रंगाखाली.

टप्पा २: ही तीच जागा आहे याचा पुरावा

माणूस मोठा होता याचा पुरावा लोक ढीगभर आणतात, त्याची फारशी गरज नसते. पुरावा लागतो तो माणूस याच घरात होता याचा.

पेठेत पत्ता म्हणजे नंबर आणि पेठ. पण जुना म्युनिसिपालिटीचा घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा, एखाद्या जुन्या पत्रावर जो नंबर दिसतो तो आजच्या त्याच नंबरच्या घराचा असेलच असं नाही. आमचा पलंगाखालचा पहिला फलक याचाच बळी. पत्रावरचा नंबर घेतला, त्या नंबरच्या दारात जाऊन उभे राहिलो, फोटो काढला, सगळे खूश. पुढे कळलं की पत्रातलं घर मागच्या बोळात होतं आणि ते केव्हाच पाडून तिथे सोसायटी झाली आहे.

मी आता या क्रमाने जातो:

१. सिटी सर्व्हे ऑफिसमधून मिळकत पत्रिका, म्हणजे सगळे ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते. हल्ली ऑनलाइनही मिळतं, पण जुन्या नोंदी बघायच्या तर ऑफिसात जाऊन चौकशी नोंदवही मागा, सर्व्हे झाला तेव्हा मालक कोण हे त्यात असतं.
२. त्या काळातला कागद ज्यावर पत्ता आहे. पत्र, पाकीट, वर्तमानपत्रातली जाहिरात, संस्थेच्या सभासदांची यादी, जन्ममृत्यूची नोंद, खरेदीखत.
३. पेशवाईतलं काही असेल तर पुणे पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या, अंदाजाने वाचू नका.
४. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. रेकॉर्ड करा, पण यांना पुरावा न म्हणता दिशा म्हणा.

कमीत कमी दोन पुरावे हवेत, आणि एकमेकांवरून उतरवलेले नकोत. गौरवग्रंथ, शताब्दीची स्मरणिका आणि वर्तमानपत्रातला पुण्यतिथीचा लेख हे तीन पुरावे वाटतात पण बहुतेक वेळा तिघांनी एकच चूक एकापाठोपाठ छापलेली असते.

सावधान: इमारत तीच आहे का आणि जागा तीच आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. आता तिथे "या वास्तूत" असं लिहिता येत नाही, "या जागी" लिहावं लागतं. दोन शब्दांचा फरक, पण नव्या इमारतीकडे बघून पर्यटक "वा, काय जुना वाडा आहे" म्हणायला नको.

टप्पा ३: साल आणि तारीख

याला वेगळा टप्पा दिलाय कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात आणि त्या सापडतात फलक लागल्यावर.

वाड्याच्या चौकटीवर, देवळाच्या पायरीवर, जुन्या कागदात शक असतो. लोक सरळ ७८ मिळवतात आणि मोकळे होतात. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथीला ७८ बरोबर, पण १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवायचे, कारण इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक तोच असतो. म्हणजे पौषाचा बराचसा भाग, माघ आणि फाल्गुन आला की थांबा आणि पंचांग बघा.

शनिवारवाड्याची पायाभरणी घ्या. शके १६५१, माघ शुद्ध ३. ७८ मिळवले तर १७२९ येतं, चूक. माघ आहे म्हणून ७९, म्हणजे १७३०. तारीख सगळीकडे १० जानेवारी १७३० छापतात. आता ही तारीख आजच्या कॅलेंडरच्या हिशोबाने मागे मोजत नेली तर वार येतो मंगळवार! आणि वाडा तर शनिवारचा. घाबरू नका, इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, त्याआधीच्या तारखा जुन्या पद्धतीच्या, अठराव्या शतकात ११ दिवसांचा फरक. तीच तारीख आजच्या पद्धतीने २१ जानेवारी १७३० होते आणि त्या दिवशी शनिवारच येतो. म्हणून १७५२ च्या आधीचं काही असेल तर तिथी आणि शक लिहा, सोबत इसवी साल फक्त. दिवस-महिना टाकायचाच हट्ट असेल तर कोणत्या पद्धतीचा ते फाइलमध्ये नोंदवून ठेवा.

पेशवाईच्या कागदात सुहूर सनही भेटेल, सलास, अर्बा असे अरबी आकडे शब्दात लिहिलेले. तो मृगाला सुरू होतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात, महिन्यावर अवलंबून. हे हौशी लोकांनी करू नये असं माझं मत आहे, जाणकाराकडून करून घ्या.

तपासा: तारखेबद्दल दोन मतं दिसली तर दिवस गाळा, महिना गाळा, साल ठेवा. सालाबद्दलही वाद असेल तर "सुमारे". फलक म्हणजे वादाचा निकाल लावायची जागा नाही.

टप्पा ४: मालक

खरं काम हे. आणि इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

प्रॉपर्टी कार्डावर जेवढी नावं तेवढे मालक. वारसनोंद झालेली नसते, कार्डावर आजोबांचं नाव आणि हयात नातवंडं अकरा, हे नेहमीचंच. कायद्याच्या भाषेत काय चालेल ते सोडा, व्यवहारात प्रत्येक शाखेतल्या एकाची तरी सही घ्या. ट्रस्टची जागा असेल तर विश्वस्तांचा ठराव, सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव आणि जमलं तर वार्षिक सभेत मंजुरी, नाहीतर पुढच्या वर्षी कमिटी बदलली की नवे सेक्रेटरी फलक काढून मीटररूममध्ये ठेवतात. भाडेकरू परवानगी देऊ शकत नाहीत पण अडवू मात्र शकतात, म्हणून त्यांच्याकडेही चहाला जाऊन या.

मालकांना भीती एकच असते आणि ती ते तोंडाने बोलत नाहीत. एका आजींकडे आम्ही पाच वेळा गेलो, दरवेळी पोहे, दरवेळी "मुलाला विचारून सांगते". सहाव्या वेळी मुलगा भेटला आणि त्याने सरळ विचारलं, "फलक लागला की वाडा हेरिटेजमध्ये जातो ना? मग बिल्डर कशाला येईल?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी आपणहून काढायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

उत्तर असं की फलक लावल्याने कुठलीही इमारत हेरिटेज यादीत जात नाही. यादीची प्रक्रिया वेगळी असते, त्यात सूचना-हरकती मागवतात, श्रेणी एक, दोन, तीन ठरते. खाजगी संस्थेने लावलेल्या पाटीचा त्याच्याशी संबंध नाही. पण जो वाडा यादीत आधीच आहे तो आहेच, ते लपवू नका, आणि "तुमचा वाडा कधीच यादीत जाणार नाही" असंही वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही.

संमतीपत्रात एवढं हवं: कोणत्या भिंतीवर, किती मापाचा, कोणता मजकूर (मजकुराची प्रत जोडून), खर्च कोणाचा, देखभाल कोणाची, आणि मालकांनी सांगितलं तर किती दिवसात काढून भिंत पूर्ववत करून देणार. या शेवटच्या वाक्यानेच निम्मे लोक सही करतात, कारण त्यांना वाटतं की एकदा लागलं की कायमचं बोकांडी बसणार. इमारत पाडायची वेळ आली तर फलक तुम्हाला परत मिळेल आणि नव्या इमारतीत लावायला ते ना म्हणणार नाहीत, हेही त्यातच लिहून घ्या.

सावधान: तोंडी होकारावर पुढच्या टप्प्याला जाऊ नका. कितीही गोड बोलले तरी.

टप्पा ५: सरकारी परवानगी

आधी इमारत कोणत्या खात्यात बसते ते ठरवा.

- केंद्र संरक्षित स्मारक (शनिवारवाडा, पाताळेश्वर वगैरे): तुम्ही स्वतः काही लावायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पत्र लिहायचं आणि थांबायचं. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. भिंतीवरची छोटी पाटी आणि बांधकाम यात फरक आहे, पण फूटपाथवर फाउंडेशन खणून खांब उभा करायचा असेल तर आधी विचाराच.
- राज्य संरक्षित: राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे अर्ज.
- महापालिकेच्या हेरिटेज यादीतली: हेरिटेज सेल किंवा समिती. बाहेरच्या दर्शनी भागात काही करायचं तर तिथून एनओसी.
- यादीत नसलेलं खाजगी घर: मालकाची संमती मुख्य, तरी वॉर्ड ऑफिसला माहितीचं पत्र देऊन पोच घ्या. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, आणि अतिक्रमणवाले फ्लेक्स काढायला येतात तेव्हा फ्लेक्स कोणता आणि फलक कोणता हे बघत बसत नाहीत. पोच दाखवली की विषय संपतो.
- खांबावर, फूटपाथवर, चौकात: पथ विभाग, आणि ट्रॅफिकही. हे सगळ्यात किचकट, पर्याय असेल तर भिंतच बरी.

अर्जासोबत भिंतीचा सरळ समोरून काढलेला फोटो आणि त्यावर फलकाची चौकट मापासकट काढून द्या. निम्मे अर्ज "नेमके कोठे ते स्पष्ट करावे" या शेऱ्यावर परत येतात.

जागा स्वतःची आहे म्हणून सगळं चालतं, हा समज इथेच नाही तर परदेशातही नडतो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिलेलं लंडनचं १० किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, पण तिथे म्युझियम करायचं म्हटल्यावर वापर बदलाच्या परवानगीवरून अडलं आणि २०२० मध्ये मार्गी लागलं. सरकारला थांबावं लागतं, आपण कोण.

टप्पा ६: मजकूर

पंचवीस ते तीस शब्द, त्यावर नाही. रस्त्यात उभं राहून माणूस दहा सेकंद वाचतो, मागून रिक्षावाला हॉर्न देत असतो. टिळकांच्या लंडनच्या फलकावर नाव, जन्म-मृत्यूची सालं, दोन शब्दांत ओळख आणि तिथे कधी राहिले एवढंच आहे, आणि काही कमी वाटत नाही.

क्रम: नाव (मोठ्या अक्षरात), सालं, ओळख, जागेशी संबंध. उदाहरणार्थ, नाव बदलून:

"अमुक तमुक / १८७२–१९४१ / नाट्यलेखक / या घरात १९०३ ते १९१९ राहत होते"

बस. थोर, प्रातःस्मरणीय, युगपुरुष, हे शब्द काढा, नाव मोठं असेल तर ते लागत नाहीत आणि नाव माहीत नसेल तर "नाट्यलेखक" हा शब्द जास्त सांगतो. आडनावाबरोबर लोकांच्या तोंडात असलेलं नाव द्या, नाहीतर शेजाऱ्यालाही कळत नाही कोणाबद्दल चाललंय. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि ज्या नावाने लिहीत होत्या ते नाव, तीन वेगळी असू शकतात, ज्या नावाने काम केलं ते वर.

आता नाजूक विषय. "यांच्या शुभहस्ते", "यांच्या प्रयत्नातून", "सौजन्य". मी असा फलक पाहिलाय ज्यात ज्याच्यासाठी फलक त्याचं नाव दोन बोटांचं आणि माननीयांचं चार बोटांचं, शिवाय फोटो. फलक लावणाऱ्या संस्थेचं नाव खाली छोट्या अक्षरात आणि लावल्याचं साल, एवढंच ठेवा, आणि हा नियम पहिल्या मीटिंगलाच लेखी करा. नंतर कोणी दबाव आणला तर "नियमात बसत नाही हो" म्हणता येतं. उद्घाटनाचं नाव छापायचं नाही म्हटल्यावर देणगीदार गळतात हे खरं आहे, दोन गळले आमचेही.

हयात माणसांचे फलक करू नका. लंडनला मृत्यूनंतर २० वर्षं थांबतात, आपण निदान दहा तरी थांबूया, तोपर्यंत भाऊबंदकीही निवते.

मराठी वर, इंग्रजी खाली, आणि इंग्रजी हे वेगळं लिहा, मराठीचं शब्दशः भाषांतर नको. क्यूआर कोड हवा असेल तर फुकटच्या सर्व्हिसवर बनवू नका, त्यातले बरेच काही महिन्यांनी बंद पडतात किंवा जाहिरात उघडते. स्वतःच्या साइटची कायम राहणारी लिंक असेल तरच, आणि कोड मूळ फलकात न कोरता शेजारी छोट्या वेगळ्या पट्टीवर, म्हणजे बदलता येतो.

तपासा: मजकूर घरमालकांना, एका इतिहासवाल्याला आणि विषयाशी काहीच संबंध नसलेल्या एका शाळकरी मुलाला वाचायला द्या. मुलाने "राहत होते म्हणजे भाड्याने का?" विचारलं तर काहीतरी संदिग्ध आहे.

टप्पा ७: अक्षरं आणि प्रूफ

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. मजकूर तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता, फलकवाल्याकडे जुनं सॉफ्टवेअर आणि जुना फाँट, तो पेस्ट करतो आणि जोडाक्षरं फुटतात. काय काय होतं बघा:

- "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं. आपला अर्धा र, तो आडवा डोळ्याच्या पापणीसारखा, जाऊन वर रफार बसतो. आमचा पलंगाखालचा दुसरा फलक हाच, काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेला, खोडरबर चालत नाही तिथे.
- "ॲ" आणि "ऑ" यांची चंद्रकोर गायब होते किंवा अनुस्वार बनते. "डॉक्टर" चा "डोंक्टर" झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय.
- ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाते.
- हिंदी वळणाचा ल आणि श येतो. चूक नाही म्हणा, पण पेठेतल्या आजोबांना लगेच खुपतं आणि पत्रं सुरू होतात.
- मराठी मजकुरात अर्धे आकडे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी.

उपाय: मजकूर स्वतः किंवा ओळखीच्या डिझायनरकडून युनिकोडमध्ये लावून घ्या, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे फाँटशिवाय दिसणारे आकार करून, पीडीएफ द्या, आणि फलकवाल्याला बजावून सांगा की पुन्हा टाइप करायचं नाही. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते, "र्की" आणि "द्धू" एकमेकांना भिडता कामा नयेत. कोरायचं असेल तर बारीक-जाड रेषांचा नाजूक फाँट टाळा, बारीक रेषा पहिल्या पावसाळ्यानंतर दिसेनाशा होतात.

मग मूळ मापाचा प्रिंट काढा. ४५० बाय ३०० मिलिमीटरचा फलक असेल तर नेमका तेवढाच. टेपने भिंतीवर चिकटवा, समोरच्या फूटपाथवर जाऊन नाव वाचता येतंय का आणि तीन मीटरवरून सगळा मजकूर वाचता येतोय का बघा. मजकुराचं अक्षर मात्रा सोडून १५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. संध्याकाळी पण बघा, पिवळ्या दिव्यात काही रंग मरतात.

सावधान: प्रूफवर दोन माणसांच्या सह्या, आणि त्यातला एक मजकूर लिहिणारा नसावा. ज्याने लिहिलंय त्याला स्वतःची चूक दिसत नाही. मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत या, मग दिसते.

टप्पा ८: आता फलक बनवा

पितळ देखणं असतं, पण काळं पडतं आणि भंगारात चांगला भाव येतो म्हणून चोरीला जातं, रस्त्याच्या हाताशी असेल तर नकोच. काळा ग्रॅनाइट टिकतो, पण वरच्या मापाचा २० मिलिमीटर जाडीचा तुकडा साधारण आठ किलो भरतो, मातीच्या भिंतीला ते वजन जड. मी बहुतेक ठिकाणी दीड मिलिमीटरचं स्टेनलेस स्टील, एचिंग करून, म्हणजे अक्षरं अ‍ॅसिडने खोदून, रंग भरलेलं घेतो, पावणेदोन किलोच्या आत बसतं. पुण्यात ३०४ ग्रेड पुरतो, मुंबई किंवा कोकणात खारं वारं आहे तर ३१६ घ्या. निळा इनॅमल फलक सुंदर दिसतो, पण कोपऱ्याला टवका उडाला की आत गंज सुरू. अ‍ॅक्रिलिक आणि विनाइल चिकटवलेले बोर्ड दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरे पडतात, ते उद्घाटनाच्या फोटोपुरते.

भोकं फलकवाल्याकडूनच पाडून घ्या, भिंतीपाशी स्टीलला ड्रिल मारत बसू नका.

टप्पा ९: भिंतीवर लावणं

वाड्याची भिंत म्हणजे बिल्डिंगची भिंत नव्हे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी सांगाडा आणि त्यात विटा किंवा पांढरी माती, वरून चुन्याचा गिलावा. बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, ती जागा सोडा.

१. जागा ठरवा. फलकाची खालची कड जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, पागोळ्या जिथे पडतात तिथे नाही, पन्हाळीच्या तोंडाखाली तर अजिबात नाही. दार उघडल्यावर मागे झाकला जात नाही ना ते बघा.
२. दगडी भिंतीत भोक दगडात न पाडता दोन दगडांमधल्या दरजेत पाडा. दरज पुढे भरता येते, दगडाचं भोक भरत नाही. त्यासाठी आधी दरजा कुठे येतात ते मोजा आणि मग फलकाची भोकं ठरवा. म्हणजे हे माप टप्पा आठच्या आधी घ्यायचं आहे, विसरू नका.
३. कोरीव खांब, चौकट, गणेशपट्टी यांना खिळा लावायचा नाही. मिस्त्री म्हणेल लाकडात पटकन होतं. होतं, म्हणूनच नाही.
४. ड्रिल मशीनचा हॅमर बंद करून हळू. मेन स्विच बंद, जुन्या वायरिंगचा भरवसा नसतो.
५. प्रसरण पावणारे फास्टनर जुन्या विटा फोडतात. नायलॉन प्लग आणि स्टेनलेस स्क्रू, जड फलकाला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू लावले तर पहिल्या पावसाळ्यानंतर तपकिरी ओघळ खाली येतात आणि मालकांचा फोन येतो.
६. मागे आठ-दहा मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे भिंत श्वास घेते आणि ओल साचत नाही.
७. आजूबाजूला सिमेंटने लिंपू नका. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट बसवलं की ओल अडते, बाजूचा गिलावा फुगतो आणि खपली पडते. चुनाच वापरा.

जून ते सप्टेंबर हे काम करू नका. भिंत ओली असते, प्लग धरत नाही.

पुराची रेघ लावायची असेल, पानशेतची १२ जुलै १९६१ ची पुण्यात काही ठिकाणी दाखवतात, तर उंची आठवणीवर ठरवू नका. जुना फोटो किंवा मूळ खूण शोधा आणि सर्व्हेयरकडून लेव्हल घेऊन लावा. रस्त्यावर डांबराचे थर चढतात, त्यामुळे "रस्त्यापासून अमुक फूट" हा हिशोब दर काही वर्षांनी बदलतो.

टप्पा १०: लागल्यानंतर

उद्घाटनाला घरमालक आणि वाड्यातले सगळे भाडेकरू पहिल्या रांगेत. पडदा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने ओढायचा, इतर पाहुणे नंतर.

त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद: सिटी सर्व्हे नंबर, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, आधीचा आणि नंतरचा फोटो, संमतीपत्र, परवानगीची पोच, पुराव्यांच्या प्रती, डिझाइनची फाइल. एक प्रत तुमच्याकडे, एक घरमालकांकडे, आणि शक्य तर एखाद्या लायब्ररीत. पुढे कोणी "कशावरून?" विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही असालच असं नाही.

वर्षातून एक फेरी, गणपतीच्या आधी पंधरा दिवस. कारण मग मांडवाचे बांबू आणि कमानी येतात आणि फलक त्यामागे जातो, मंडळाला आधी जाऊन भेटलं तर कार्यकर्ते बांबू सहज दोन फूट सरकवतात, उभारल्यावर कोणी सरकवत नाही. दिवाळीच्या रंगकामाआधी मालकांना आठवण द्या की फलकावर कागद चिकटवूनच रंग मारायचा. जाताना मऊ फडकं आणि साबणाचं पाणी न्या. पितळ असलं तरी ब्रासो नको, ते अक्षरात भरलेला काळा रंग खातं, चार वर्षांत फलक लखलखीत होतो आणि वाचता काहीच येत नाही.